तिला कामावरून हटवणं ही सुरक्षा नव्हे

आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्याला आठ दिवस होत असताना, १७ ऑगस्ट २०२४ रोजी, पश्चिम बंगाल सरकारने ‘रात्तिरेर साथी’ नावाची उपाययोजना जाहीर केली. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी कधीच व्हायला हव्या होत्या: बायकांसाठी वेगळी विश्रांतीची खोली, कॅमेऱ्याखालचे सुरक्षित भाग, रात्री गस्तीला स्त्री स्वयंसेवक, धोक्याची सूचना देणारं मोबाइल अ‍ॅप. त्याच यादीत आणखी एक वाक्य होतं. शक्य असेल तिथे बायकांना रात्रपाळी देणं टाळावं.

महिन्याभराने, १७ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने या वाक्यावर सरकारला धारेवर धरलं. बायकांनी रात्री काम करू नये असं सरकार कसं म्हणू शकतं, सुरक्षा पुरवणं हे सरकारचं काम आहे, असं सरन्यायाधीशांनी सुनावलं. सरकारच्या वकिलांनी ते कलम मागे घेण्याचं कबूल केलं. कागदावरून वाक्य गेलं, पण मी बराकपूरला राहते आणि ते वाक्य इथे अजून ऐकते. सियालदहला जाणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात ऐकते, कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये ऐकते, नोकरीच्या बदल्यांमुळे इथे येऊन पडलेल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या गप्पांतही ऐकते. मुलीला नर्सिंगला घालू नका, रात्रीच्या ड्यूट्या असतात. कंपनीत लागलीस तर दिवसाची पाळी मागून घे. साहेब तसा असेल तर सोडून दे ती नोकरी, दुसरी मिळेल. बोलणारी माणसं वाईट नाहीत, त्यांना मुलींची खरीच काळजी आहे. म्हणूनच त्यांना उत्तर देणं गरजेचं आहे. वाईट हेतूने बोलणाऱ्याला कोणीतरी अडवतं. काळजीपोटी बोलणाऱ्याला कोणी अडवत नाही, आणि त्याचं बोलणं घराघरांत नियम होऊन बसतं.

आर. जी. करमध्ये त्या रात्री काय होतं ते आधी पाहू. ती डॉक्टर सलग ३६ तासांच्या ड्यूटीवर होती. विश्रांतीसाठी तिच्या वाट्याला आला होता एक सेमिनार हॉल. २० जानेवारी २०२५ रोजी सियालदहच्या न्यायालयाने ज्याला जन्मठेप दिली तो माणूस पोलिसांचा सिव्हिक व्हॉलंटियर होता, आणि त्या ओळखीवर त्याला रुग्णालयात कुठेही वावरता येत होतं. म्हणजे कामाचे तास व्यवस्थेने ठरवले होते, झोपायची जागा व्यवस्थेने दिली नव्हती आणि मारेकऱ्याला आत वावरण्याची मुभाही व्यवस्थेनेच दिली होती. यातल्या एकाही गोष्टीवर त्या डॉक्टरचा अधिकार चालत नव्हता. तरीही यादी करायला बसलेल्यांना तिची रात्रपाळी हा बदलण्याजोगा भाग वाटला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच.

आणि रात्रच का? मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ ला परिचारिका अरुणा शानबागवर हल्ला झाला तो संध्याकाळी. कपडे बदलायला ती रुग्णालयाच्या तळघरात गेली होती.  हल्ला करणारा तिथलाच सफाई कामगार होता. खटला चालला तो चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. ती १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ, त्याच रुग्णालयात पडून राहिली आणि केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यांमागून पिढ्या तिची सेवा केली. परिचारिकांना दिवसाची ड्यूटी लावा म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. ऑफिसातला छळ तर बहुतांशी भर दिवसा, दिव्याखाली, केबिनचं दार लोटून किंवा उघडं ठेवूनच होतो. करणारा बाहेरून आलेला नसतो. बढती, बदली, रजा, कराराची मुदतवाढ या सगळ्यांवर त्याची सही लागते.

बराकपूरसारख्या ठिकाणी ‘बाईला त्या कामातून काढा’ या उपायाचं काय होतं हे अंदाजाने सांगावं लागत नाही. इथे तो उपाय करून झालेला आहे. हुगळीच्या काठाने टीटागढपासून जगद्दल, भाटपाडा, नैहाटीपर्यंत चटकलांची म्हणजे ताग गिरण्यांची रांग आहे. आपल्याकडे गिरणगाव तसा हा पट्टा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. ताग निवडणं, मशिनसाठी तयार करणं, पोती हाताने शिवणं ही त्यांची कामं. मुंबईत जॉबर तसा इथे सरदार. कामावर घेणं, बदलीला उभं करणं, काढून टाकणं त्याच्या हातात आणि त्याची दस्तुरी ठरलेली. मुंबईच्या गिरण्यांत बायकांवर नायकिणी म्हणजे मुकादम बायका असत, त्याही पैसे घेत. कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात लिहिलं की जिथे बायका मोठ्या संख्येने कामाला आहेत तिथे एक शिकलेली बाई नेमावी आणि बायकांना घेण्या-काढण्याची जबाबदारी तिच्याकडे द्यावी. म्हणजे रोजगार ज्याच्या मर्जीवर आहे त्याच्यासमोर बाई उघडी पडते, हे जवळपास शंभर वर्षांपूर्वी समजलेलं होतं. उपायही बरोबर सुचवला होता, मर्जी काढून घेण्याचा.

प्रत्यक्षात झालं वेगळंच. बायकांना रात्री कामाला लावू नये हा १९१९ चा आंतरराष्ट्रीय करार, पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ६६: संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कारखान्यात बाई नको. त्यामागे दुष्ट हेतू नव्हता. मी त्या काळात असते तर कदाचित त्याच्या बाजूने बोलले असते, कारण त्या गिरण्यांतलं काम माणसाला पिळून काढणारं होतं. पण गिरणीला तीन पाळ्या हव्या झाल्या, यंत्रं बदलली, मनुष्यबळ कमी करायचं ठरलं, तेव्हा मालकाच्या हाती आयती सबब होती. बाई तिन्ही पाळ्यांत चालत नाही, बाळंतपणाचा खर्च लागतो, मग तिची जागा भरायचीच कशाला? १९७० च्या दशकापर्यंत चटकलांतल्या बायका शेकड्यात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. समिता सेन यांनी बंगालच्या ताग उद्योगातल्या स्त्रियांवर १९९९ मध्ये पुस्तक लिहिलं आहे. ही घसरण एकट्या कायद्यामुळे झाली नाही हे त्या नीट दाखवतात. कमावणारा तो पुरुष आणि बाईची कमाई वरखर्चाची, ही समजूत मालकांची होती, तशी कामगारांच्या घरांचीही होती. कामगार चळवळीनेही बायकांच्या जागा वाचवण्यासाठी फार काही केलं नाही. आणि हे त्याच पट्ट्यात, जिथे १९२० च्या दशकात गौरीपूरच्या मजुरांना संतोषकुमारी देवींनी संघटित केलं होतं आणि १९२९ च्या तागकामगारांच्या संपात प्रभावती दासगुप्ता पुढे होत्या.

गिरणीतून निघालेली बाई सुरक्षित झाली का? तिला घरी बसणं परवडणारं नव्हतंच. ती लोकांच्या घरी भांडी घासू लागली, विड्या वळू लागली, बांधकामावर गेली. गिरणीत निदान हजेरीपुस्तक होतं, फाटक होतं, युनियनचा झेंडा होता. बाहेर यातलं काहीच नव्हतं. छळाची जागा बदलली आणि तक्रार करायला होती नव्हती ती जागाही गेली. संरक्षणाच्या नावाखाली मोकळी झालेली प्रत्येक पाळी अशी कोणाच्या तरी अंगावर पडते.

आजच्या बराकपूरात त्याचा पुरावा रोज संध्याकाळी चालत जाताना दिसतो. आया सेंटरवरून बायका निघतात, रात्रीची बारा तासांची पाळी करायला. घरोघरी अंथरुणाला खिळलेले म्हातारे, ऑपरेशन होऊन आलेले रुग्ण. त्यांच्याजवळ रात्रभर एकटीने बसायचं, कपडे बदलायचे, उचलून बसवायचं. घरात दुसरा पुरुष असतो, कधी रुग्णाचाच हात वाटेल तिकडे जातो. मुलीला नर्सिंगला नको म्हणणाऱ्या घरांतच या बायका रात्रभर जागतात, आणि त्यांच्या रात्रपाळीबद्दल कोणी काळजी बोलून दाखवत नाही. कारण आपल्याला ती पाळी हवी असते. ज्या रात्रीची आपल्याला गरज आहे ती चालते आणि ज्या रात्रीला पगार, पदवी, बढती जोडलेली आहे ती धोक्याची ठरते. एवढं तरी मान्य करावं.

गरज असली की व्यवस्था उभी राहते, हे पुण्याने दाखवलं आहे. २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओतल्या तरुणीवर कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. तेव्हाही मुलींना रात्री बोलावू नका असं म्हणणारे होते. पण त्या उद्योगाचं बायकांवाचून चालत नव्हतं. मग चालकाची तपासणी, गाडीत सुरक्षारक्षक, मुलगी शेवटची उतरणार नाही असा मार्ग, गाडीवर लक्ष ठेवणारा कक्ष, हे सगळं मागितलं गेलं आणि पुष्कळ ठिकाणी अमलात आलं. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. पण मालकावर भार टाकता येतो आणि त्याला तो उचलताही येतो, एवढं त्यातून दिसतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली नवी कामगार संहिताही बाईला तिच्या संमतीने रात्री काम करू देते आणि सुरक्षेच्या अटी मालकावर घालते. या पट्ट्यातल्या चटकलांतही आता बायका पुन्हा येऊ लागल्या आहेत.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. कायदे आहेतच की, आणि त्यांचा गैरवापरही होतो. हे दोन तुकडे एका वाक्यात बोलणाऱ्या फार थोड्यांनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा उघडून पाहिलेला असतो.

तो कायदा भंवरीदेवीमुळे आला. राजस्थानातल्या भटेरी गावची ती साथिन, सरकारी कार्यक्रमात काम करणारी. १९९२ मध्ये एक बालविवाह थांबवायला गेली, म्हणजे आपलं काम करायला गेली, आणि त्याची शिक्षा म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडलं. याच घटनेवरून विशाखा आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला मार्गदर्शक तत्त्वं आली. कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं लागली. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. या कायद्यात बाईने कसं वागावं याबद्दल एक अक्षर नाही. काय करायचं ते मालकाने. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती नेमायची, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. ती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड, पुन्हा तसंच केलं तर दुप्पट, आणि परवानाही जाऊ शकतो. स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्रं दाखवणं आणि शब्दांवाचूनही केलेलं तसलं वागणं, सगळं त्यात आहे. ‘ऐकलंस तर बढती, नाहीतर बघ’ हेही आहे, आणि काम करणं अशक्य होईल असं वातावरण करणंही आहे. कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिस नव्हे. कामानिमित्त जिथे जावं लागलं ती प्रत्येक जागा, मालकाने दिलेली गाडी आणि लोकांचं घरसुद्धा. कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, पगार न घेणारी, सगळ्या त्यात मोडतात. चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते, आपली किंवा त्याची बदली मागता येते. ‘त्याची’ बदली मागता येते हे मी मुद्दाम अधोरेखित करते, कारण नोकरी सोडून दे म्हणणाऱ्यांना ते माहीत नसतं.

गैरवापराबद्दल. कलम १४ प्रमाणे मुद्दाम खोटी तक्रार केली तर कारवाई होते. पण आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही तेच कलम सांगतं. तक्रारीत आलेल्या पुरुषाला बाजू मांडायचा पूर्ण हक्क आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी रद्द केली. समितीने चौकशी इतक्या घाईत उरकली की त्याला बचावाची रीतसर संधी मिळाली नाही, असं न्यायालयाला दिसलं, आणि प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. निरपराध माणसाला वाली नाही म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. त्याच निकालात न्यायालयाने एका वृत्ताचा दाखला दिला की देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ ठिकाणी अशी समितीच नेमलेली नव्हती. समितीच नसलेल्या ठिकाणी तिचा गैरवापर व्हायचा तो कसा?

‘तेव्हाच का नाही बोलली?’ या प्रश्नाचा राग मला सर्वांत जास्त येतो, कारण दुर्दैवाने कायद्यातही त्याला जागा मिळाली आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये तक्रार केली. तिने सांगितलेली शेवटची घटना होती एप्रिल २०२३ ची. मुदत टळली म्हणून स्थानिक समितीने तक्रार घेतली नाही. उच्च न्यायालयात एकदा तिच्या बाजूने, एकदा विरुद्ध लागलं. १२ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मुदत टळल्याचं मान्य केलं, मात्र हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटात नोंदवावा असाही आदेश दिला. शेवटची घटना आणि तक्रार यांच्या मधल्या काळात तिला विद्यापीठातल्या संचालकपदावरून काढलं होतं. ती प्रशासकीय बाब, छळाचा भाग नव्हे, असं ठरलं. आरोप खरे की खोटे याची चौकशी झालीच नाही. कायदा शिकवणारी बाई, कायद्याच्या विद्यापीठात, सहा महिन्यांत तक्रार करू शकली नाही. मग कराराच्या नोकरीवरची नर्स, बदलीवरची कामगार, आया यांच्याकडून आपण कसली घाई मागतो? ज्याच्या हातात आपली नोकरी आहे त्याच्याविरुद्ध लिहायला बसण्याआधी बाई घरच्यांना विचारते, कर्जाचे हप्ते मोजते, पुरावा शोधते, आजारी पडते. मला ही मुदत अन्यायाची वाटते आणि ती वाढलीच पाहिजे. ती वाढेपर्यंत प्रत्येक नोकरदार बाईला ती माहीत असली पाहिजे, कारण रडून, समजावून, दुर्लक्ष करून पाहण्यात तीन महिने सहज जातात.

आया सेंटरवाल्या बायकांकडे परत येते. त्यांनाही हा कायदा आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं आहेत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती ऐकते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं समितीला बंधनकारक आहे. घरकामगाराची तक्रार सकृद्दर्शनी खरी वाटली तर सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. पण उत्तर चोवीस परगण्याचं जिल्ह्याचं ठाणं बारासातला. रात्रभर जागून आलेल्या बाईने बस पकडून तिथे जायचं आणि कोणत्या खोलीत समिती बसते हे विचारत फिरायचं. यासाठीच प्रत्येक तालुक्यात आणि नगरपालिकेत तक्रार घेणारा अधिकारी नेमायला कायद्याने सांगितलं आहे. ३ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना मुदत घालून द्यावी लागली: ३१ डिसेंबरपर्यंत जिल्हा अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या स्थापन करा. कायदा लागू होऊन अकरा वर्षं होत आल्यावर हे सांगावं लागलं.

तेव्हा रात्रपाळी नको म्हणणाऱ्या आई-बापांना, सासऱ्यांना, मामा-काकांना माझं सांगणं आहे. तुमची काळजी चुकीच्या दाराशी उभी आहे. मुलीला प्रश्न विचारू नका, तिच्या मालकाला विचारा. तुमच्याकडे अंतर्गत समिती आहे का? तिच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन दर्शनी भिंतीवर लावला आहे का? समिती नेमल्याचा आदेश तर कायद्याने लावायचाच आहे. बराकपूरात तो बंगाली आणि हिंदी दोन्ही भाषांत हवा, कारण चटकलांत बिहारकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाहेरची सदस्य कोण? रात्री विश्रांतीची खोली कुठे आहे आणि तिला आतून कडी आहे का? घरी सोडणाऱ्या गाडीचा चालक कोणी तपासला? मागच्या वर्षी किती तक्रारी आल्या हे वार्षिक अहवालात लिहिलं का? आणि तुमच्या घरी रात्री आया येत असेल, तर त्या घराचे मालक तुम्ही आहात. हेच प्रश्न मग तिने तुम्हाला विचारायचे आहेत, आणि उत्तर द्यायला तुम्ही बांधील आहात.